शिंगराच्या वाटेत

नेपरव्हिल
सोमवार, सकाळचे दहा

प्रिय दीक्षा,

सप्रेम जय भीम. पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून सगळ्यात आधी हे वाच: अनया बरी आहे. हातपाय धड आहेत, ताप नाही, आज सकाळी दीड पोळी खाऊन लायब्ररीच्या कॅम्पला गेली. प्रफुल्लही बरा आहे. घाबरलेली आहे ती मी, आणि कशाने घाबरले तेच सांगायला बसले आहे. ओळी वरखाली होतील, चालवून घे.

एवढं मोठं पत्र मी जन्मात लिहिलं नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. जोडाक्षरं तू शिकवलीस, लग्न होऊन आलीस त्या वर्षी, मेथी निवडता निवडता, पेपरच्या मथळ्यांवर बोट ठेवून. तुझी आई म्हणाली होती, सासूला शिकवायला निघाली ही, आता हिचं काही खरं नाही. ते अक्षर आज तुलाच लिहायला कामी येतंय. फोन आहे, मान्य. पण फोन प्रफुल्ल लावून देतो, अनया मांडीवर चढून बसते, तिकडे तुझी आई मागून डोकावते. चार माणसांत जे बोलता येत नाही ते मी तीन आठवडे पोटात घेऊन फिरते आहे. इथली आपली निधी परवा नागपूरला निघते, भावाचं लग्न आहे. तिच्याकडे ग्रीन कार्ड, तिला जायची यायची भीती नाही. तिला बजावलंय, पाकीट दीक्षाच्याच हातात द्यायचं, तिच्या आईच्याही नाही.

तुझ्याच किचनमध्ये, तुझ्याच खुर्चीवर बसून लिहिते आहे. सून नागपुरात आणि सासू सुनेच्या संसारात, अशी अदलाबदल मी तरी कुठे ऐकली नाही. पंधरा दिवसांसाठी गेलीस तू, तुझ्या बाबांच्या पुण्यानुमोदनाला. तेव्हा तू अनयाचंही तिकीट बघत होतीस आणि मीच नागपुरातून फोनवर म्हणाले होते, मौतीच्या घरी लेकरू नको आणू, थंडीत शाळा बुडवू नको, पंधरा दिवसांचा तर प्रश्न. परत यायला पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यायची तुझी तारीख मग मार्चवर गेली, मार्चची पुढे गेली, आता पुढच्या वर्षाचं सांगतात. प्रफुल्ल निघाला तर तोही तिकडे अडकणार, म्हणून पोरीसाठी मी आले. येत्या महिन्यात माझे इथे राहायचे सहा महिने भरतात. तू गेल्या महिन्यात फोनवर विचारलंस, आई, खरं सांगा, कशी आहे ती? तुमच्याबरोबर पाठवता का तिला? मी म्हटलं, अगं मजेत आहे पोट्टी, तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, कशाला हलवायचं? मी मुदत वाढवून घेते, आणखी राहते. तू बरं म्हटलंस. मग म्हणालीस, तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते. त्या वाक्याने तुला झोप लागली असेल, माझी गेली.

खोटं कशाला बोलू, मला इथे फार आवडतं. आल्या आल्या त्या बर्फाला भ्याले, दोनदा आपटले, पण आता काय ते हिरवं गवत, काय ती नदी. मी एकटी चालायला जाते. शाळेच्या कोपऱ्यावर रस्ता पार करून देणारी गोरी बाई आहे ना, ती मला लांबूनच हात करते, मीही करते, तिचं मला कळत नाही, माझं तिला कळत नाही, पण रोज पाच मिनिटं बोलतो. एप्रिलमध्ये जयंतीला शाळेच्या हॉलमध्ये मी भीमाचं गाणं म्हटलं. माईक हातात धरून, दीक्षा! प्रफुल्लच्या मित्राची, रवीची बायको म्हणाली, मावशी, तुम्ही इतके दिवस कुठे होतात? मी म्हटलं, भांडी घासत होते बाई. आणि संध्याकाळी अनया गळ्यात हात टाकून, आजी आजी करत. नागपुरात माझ्या गळ्यात कोण हात टाकतं? हे सगळं लिहिते आहे कारण पुढे जे सांगायचं त्याचं मूळ इथेच आहे.

तर घोडे. अनयाला घोड्यांचं वेड होतंच, तू गेल्यापासून ते दुप्पट झालं. लायब्ररीतून घोड्यांचीच पुस्तकं, भिंतीवर घोडे. आठव्या वाढदिवसाला काय पाहिजे विचारलं तर शेवटी म्हणाली, वाइल्ड हॉर्सेस बघायचे. शाळेला सुट्टी लागली आणि प्रफुल्लने आम्हाला वायोमिंगला नेलं. दोन दिवस नुसती गाडी. मका संपला की गवत, गवत संपलं की आभाळ. एवढं मोकळं आभाळ मी कधी बघितलं नव्हतं, त्याचीच भीती वाटली, झाकण नसल्यासारखी. वाटेत पोलिसाची गाडी मागे लागली की प्रफुल्लची मान ताठ व्हायची. चूक काही नाही, कागद सगळे नीट, तरी. अनया मागून विचारायची, पप्पा, आर वुई ओके? दोन दिवसांत तिने ते इतक्यांदा विचारलं की मी मोजायचं सोडून दिलं.

तुला माझ्या बाबांचं सांगितलं आहे, पण पुन्हा सांगते, त्याशिवाय माझी चूक तुला कळणार नाही. दादाराव टांगेवाले म्हटलं की कामठी स्टेशनवर कुणीही ओळखायचं. घोडी होती मैना, तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. आई गेल्यावर मी शाळा सोडली ती धाकट्यांसाठी आणि या मैनेसाठी. पहाटे खराऱ्याने अंग घासायचं, मग तोंडाला बांधलेल्या तोबऱ्यात भिजवलेले हरभरे. मी जिभेने टॅक टॅक केलं की मैना मान खाली घालायची आणि माझ्या हातावरचा गूळ चाटायची. म्हणून मला आयुष्यभर गर्व, की घोडं मला कळतं. त्या मैनेला एकदा शिंगरू झालं. सहा महिन्यांचं झालं तेव्हा वरातीच्या घोड्यांचा धंदा करणाऱ्याने नेलं, कन्हानच्या पुलापलीकडे. त्यानंतर कित्येक दिवस मैना पुलाशी आली की थांबायची, मान वर करून खिंकाळायची, कान पुढे लावून ऐकायची. टांग्यातली माणसं ओरडायची, ए दादाराव, गाडी चुकेल, हाण की चाबूक! बाबा लगाम सैल सोडून बसायचे. म्हणायचे, बसा दोन मिनिटं, तिचं होऊ द्या. मग ती आपणहून चालायला लागायची. मी नऊ वर्षांची होते. मला वाटायचं, जनावर आहे, विसरेल.

वायोमिंगला आम्हाला घोडे दाखवायला एक गाईडबाई होती, माझ्याएवढीच, पांढरी वेणी, पुरुषाचे बूट, स्वतः व्हॅन चालवते. तिने आधी नियम सांगितले, शंभर फुटांच्या आत जायचं नाही, खायला काही द्यायचं नाही. प्रफुल्लने मला मराठीत सांगितले, दोनदा. मी मान डोलावली. मनात म्हटलं, हे नियम ज्यांनी घोडं पाहिलं नाही त्यांच्यासाठी. माझ्या बटव्यात आदल्या दिवशी मोटेलच्या ग्लासात भिजवलेले हरभरे होते आणि गुळाचा खडा. कुणाला सांगितलं नव्हतं. भिजवताना अनयाने पाहिलं होतं, तर तिला म्हटलं, माझ्या न्याहारीचे आहेत.

दीक्षा, ते घोडे! लगाम नाही, नाल नाही, डोळ्यांना ढापणं नाहीत. कुणी मालक नाही. नऊ जणांचा कळप पाण्याकडे चालला होता. मला वाटलं, तो काळा दांडगा घोडा पुढारी असणार, कसा मान उडवत होता. गाईडबाई हसली. म्हणाली, तो मागे राहतो, मागून हाकतो, दुसरा घोडा आला तर भांडतो. कुठे जायचं, पाणी कुठे, कधी निघायचं, हे बहुतेक वेळा एखादी जुनी घोडीच ठरवते. आणि दाखवलीच तिने, राखाडी, पाठ जराशी खचलेली, सगळ्यांच्या पुढे, घाई नाही. मी प्रफुल्लला म्हटलं, म्हणजे आपल्यासारखंच, बाप्ये आरडाओरड करतात आणि वाट बायकांना माहीत. त्याने ते गाईडबाईला सांगितलं तर तिने माझ्या हातावर टाळी दिली. दोन घोड्या उलटसुलट तोंड करून उभ्या, हिची शेपटी तिच्या तोंडावरच्या माशा हाकलते, तिची शेपटी हिच्या. गाईडबाई म्हणाली, या दोघी आठ वर्षं बरोबर आहेत, घोडा बदलला पण यांनी एकमेकींना सोडलं नाही. एकमेकींची मान दातांनी खाजवतात, माणसं वेणी घालून देतात तशा. पोरगे दोन-तीन वर्षांचे झाले की त्यांना कळपातून हाकलतात, मग ते बिनलग्नाचे सगळे मिळून वेगळे राहतात, भांडतात, खेळतात. पोरीही मोठ्या झाल्या की दुसऱ्या कळपात जातात. मी विचारलं, आणि लहान शिंगरू? ती म्हणाली, लहान शिंगरू आईपासून लांब जातच नाही. आई पाणी प्यायला गेली तर फार तर झुडपात झोपून राहतं. पण दोघांना एकमेकांची हाक कळते, कितीही गर्दीत.

हे अनयाने ऐकलं. प्रफुल्लने मराठी करायच्या आधीच तिने ऐकलं होतं. ती माझा पदर नसलेला पदर, म्हणजे ओढणी, बोटाला गुंडाळत बसली.

मग ते झालं. व्हॅन थांबवून गाईडबाईने तिकाटण्यावर दुर्बीण लावली होती, प्रफुल्ल दुर्बिणीला डोळा लावून बसला होता. अनया म्हणाली, आजी, शू. तिथे कुठलं बाथरूम! कमरेएवढी राखाडी झुडपं, चुरगळली की ओव्यासारखा वास. मी तिला जरा उंचवट्यामागे नेलं, जसं आपण कुठेही नेतो. तिचं झालं, आणि पाहते तर दहा पावलांवर शिंगरू, आडवं पडलेलं, तांबूस, कपाळावर पांढरं. मला वाटलं मेलं. तेवढ्यात कान हलला. दीक्षा, साठ वर्षं गेली माझ्या अंगावरून. मी कामठीत होते. मैनेचं शिंगरू होतं ते. नियम नाही आठवला, शंभर फूट नाही आठवले. अनयाचा हात एका हातात, दुसऱ्या हाताने बटवा सोडला, हरभरे तळहातावर घेतले आणि टॅक टॅक केलं.

त्याला काय माहीत टॅक टॅक? रानातलं पोर ते. ताडकन उठलं, पाय फाकले, आणि असं ओरडलं की पाण्याशी असलेल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. एकदम. दोरीने ओढल्यासारख्या. आणि एक तांबडी घोडी निघाली. तिच्या मागे तो काळा, मान जमिनीपर्यंत खाली, कान मागे चिकटलेले. कान चिकटले म्हणजे काय ते मला माहीत आहे. बाबा म्हणायचे, कान पडले की रेषेत उभं राहू नये. मला माहीत होतं आणि माझे पाय हलत नव्हते. टापांचा आवाज आधी पायांतून येतो, कानांतून मागाहून. हरभरे हातातून सांडले. मला शू झाली, हे तुलाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगू नको. प्रफुल्लची हाक आली, आई! अनया! पण त्याला ती बाई धरून होती. तो पळत आला असता तर आणखी वाईट झालं असतं, असं ती नंतर म्हणाली. माझ्या डोक्यात एकच, दीक्षाला काय सांगू. घोडी नाही दिसत, काही नाही दिसत, तुझं तोंड दिसतंय.

अनयाने मला वाचवलं. आठ वर्षांची पोर. ती ओरडली नाही, पळाली नाही. माझा हात ओढून हळू म्हणाली, आजी, वुई आर इन द मिडल. मला कळेना. मग तिने मराठीत सांगितलं, आजी, आपण मधे उभे आहोत, ती त्याची मम्मा आहे, तिला जाऊ दे. आणि तिने मला मागे नाही ओढलं, बाजूला ओढलं. पाच-सहा पावलं, झुडपात. घोडी आमच्या अंगावर नव्हतीच येत, दीक्षा. तिला आम्ही दिसतही नसू. ती हातभर अंतरावरून गेली, तिच्या अंगाचा वारा लागला, आणि शिंगराशी जाऊन थांबली. नाकाने त्याला सगळं हुंगलं, मान, पाठ, पाय. ते लगेच पोटाखाली घुसून दूध प्यायला लागलं. तो काळा आमच्याकडे बघून नाकातून फूत्कारला, पायाने माती उडवली, आणि मग मान खाली घालून दोघांना कळपाकडे वळवून घेऊन गेला. पाण्याशी ती राखाडी म्हातारी उभीच होती. पाणी पिऊन झालं होतं सगळ्यांचं, पण निघाली नव्हती. शिंगरू येऊन मिळालं तेव्हा तिने पाऊल उचललं, आणि तिच्या मागे बाकीच्यांनी.

प्रफुल्ल आला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला, अनोळखी बाईसमोर. आई, तुला अक्कल आहे का? मी म्हटलं, नाही रे बापा. मग तो व्हॅनच्या पायरीवर बसला आणि तोंड झाकून रडला. रडून झाल्यावर म्हणाला, हे दीक्षाला कळता कामा नये, ती तिकडे वेडी होईल. गाईडबाईने मला तिचं जाकीट कमरेला बांधायला दिलं, काही विचारलं नाही, शहाणी बाई.

आणि अनया? ती सगळ्यांच्या आधी शांत होती आणि सगळ्यांच्या नंतर रडली. व्हॅनमध्ये माझ्या शेजारी बसून खिडकीतून बघत होती. म्हणाली, आजी, ती नुसती पाणी प्यायला गेली होती ना? मी म्हटलं, हो. शी केम बॅक, म्हणाली. मी म्हटलं, हो ग बाई. मग म्हणाली, माझ्या मम्माच्या मधे कोण उभं आहे? मी म्हटलं, ऑफिस आहे ग, त्यांचे कागद, त्यांच्या तारखा. ती म्हणाली, पण माझा पासपोर्ट तर आहे. मी तर जाऊ शकते. मग मधे कोण उभं आहे?

मी तिला उत्तर दिलं नाही. तुला देते.

अनया मजेत नाही. तुझा तो जांभळा कोट आहे ना, दाराजवळच्या कपाटातला, तो मी धुतला नाही असं तुला सांगितलं होतं, आळस म्हणून. आळस नव्हे. ती धुऊ देत नाही, त्याला तुझा वास आहे. शाळेतून आली की कपाटात जाऊन कोटाखाली बसते. बेल वाजली तरी तिथेच पळते, पप्पाला न्यायला पोलीस आले असं वाटून, आणि दार लावून घेते. एकदा तर शेजारची बाई केक द्यायला आली होती. वाढदिवसाला काय पाहिजे विचारलं तेव्हा आधी मम्मा म्हणाली होती. प्रफुल्ल म्हणाला, बेटा, दुसरं काहीतरी माग. तेव्हा तिने घोडे मागितले. आणि तुझा रात्री साडेआठचा फोन. तीन वेळा मी तुला सांगितलं ती झोपली. झोपली नव्हती. एकदा माझ्या शेजारी बसून डोसा खात होती, मी हाताने तिला गप्प बस म्हटलं. तुझ्याशी बोलली की ती जेवत नाही, कोटाखालून बाहेर येत नाही, म्हणून मी असं केलं, असं मी स्वतःला सांगत होते. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की तुझ्याशी बोलून फोन ठेवला की ती तुझी असते आणि नाही बोलली तर माझी. मला तिचे हात गळ्यात हवे होते. मला ती नदी, तो माईक, ती हात करणारी बाई हवी होती. पोरगी इथे राहिली तर मलाही राहायला कारण. प्रफुल्लला वाटतं शाळेसाठी, त्याचं मन साफ आहे, त्याला घर रिकामं होण्याची भीती आहे, बस. मधे मी उभी होते. हातावर गूळ घेऊन.

परतीच्या वाटेवर एका पेट्रोल पंपावर मी त्याला म्हटलं, प्रफुल्ल, पोरीला तिच्या आईकडे नेते. तो म्हणाला, शाळेचं काय? मी म्हटलं, नागपुरात शाळा आहेत, तू काय झाडाखाली शिकलास? म्हणाला, आणि मी? मी एकटा? म्हटलं, ते बिनलग्नाचे घोडे नाही पाहिलेस? जा रवीकडे जेवायला, शनिवारी पत्ते खेळा, कचरा वेळेवर टाक. तो हसला, मग पुन्हा डोळे पुसले, मग गाडीत पेट्रोल भरायचं विसरूनच निघाला. मी आठवण केली. त्याची मला काळजी वाटते, दीक्षा. घरात एकटं माणूस आणि बेल वाजली तर तो कुठल्या कपाटात जाईल? तू त्याला रोज फोन कर. तुझ्या तारखेसाठी तो धडपडतोच आहे.

आता हे पत्र का, ते. तिकिटं झाली आहेत. या महिन्याच्या सत्तावीसला आम्ही निघतो, एकोणतीसला सकाळी नागपूर. कागद याच पाकिटात घातला आहे. अनयाला सांगितलं आहे, तिने कोट घ्यायचा हट्ट धरला, जूनच्या उन्हात नागपूरला थंडीचा कोट, असू दे. प्रफुल्ल तुला तेव्हाच फोन करणार होता. मीच त्याला येत्या रविवारपर्यंत थांबवलं, म्हटलं, माझं पत्र आधी पोचू दे. कारण पोरगी येते हे ऐकलं की तू आनंदाने रडशील, आणि त्या आनंदात मला सगळं माफ करून टाकशील, काय माफ करतेस ते माहीत नसताना. तसली माफी मला नको. आता तुला माहीत आहे. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी मी समजेन, तुझ्या आईकडे अनयाला ठेवलंस आणि मला घरी पाठवलंस तरी. विमानाची भीती आहे, विमानतळावर पासपोर्ट बघणाऱ्या त्या खिडकीतल्या साहेबांची भीती आहे, पोरीचा हात गर्दीत सुटण्याची भीती आहे, पण सगळ्यात जास्त भीती त्या दाराची आहे जिथून आम्ही बाहेर येऊ आणि तू उभी असशील. एवढंच कर, अगदी पुढे उभी राहा, तिला पहिली तू दिसशील अशी. मी तिचा हात तिथेच सोडेन आणि ट्रॉली घेऊन बाजूला होईन, मागे नाही, बाजूला. लोक मागून ढकलतील, वाट अडवली म्हणून ओरडतील. ओरडू दे. मी त्यांना सांगेन, थांबा दोन मिनिटं, तिचं होऊ द्या.

तुझीच,
आई म्हणायचं की नाही ते तू ठरव,
राधा